राणी रासमणीचे सोवळे

आश्विनातल्या अमावास्येला आपल्याकडे घरोघर लक्ष्मीपूजन होते. चौरंगावर चोपड्या, नाणी, नवी केरसुणी मांडलेली असते, लाह्या-बत्तासे ठेवलेले असतात, उंबऱ्याबाहेर पणत्यांची ओळ लागते आणि मुलांचे कान आरतीपेक्षा फटाक्यांकडे असतात. त्याच रात्री बंगालात कालीची पूजा असते. तिथली लक्ष्मीपूजा पंधरा दिवस आधी कोजागरीला होऊन गेलेली असते. ही अमावास्या कालीची. आपली देवी कमळात बसलेली, प्रसन्न, सुवर्णकांती. त्यांची देवी काळीभोर, मोकळ्या केसांची, गळ्यात मुंडमाळ घातलेली, पायांखाली शिव. तिला लाल जास्वंदीची माळ लागते आणि तिची पूजा चालते मध्यरात्री. एकाच रात्री एकाच देशात देवीची अशी दोन रूपे पुजली जातात. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पूजेआधी शुद्ध व्हायचे असते. ही शुद्धी कशाची, एवढाच आजचा माझा विषय आहे.

माझ्या आजीचे सोवळे आमच्या साऱ्या आळीत प्रसिद्ध होते. नवरात्रात ते विशेष कडक होई. घट बसला की नऊ दिवस देवघराच्या उंबऱ्याशी आम्हां मुलांची वाट संपे. पूजेचे पाणी आजी स्वतः शेंदून आणी, नैवेद्याचा स्वयंपाक ओलेत्याने करी, आणि वलणीवरच्या तिच्या सोवळ्याच्या लुगड्याला आमच्यापैकी कुणाचे बोट लागले तर ते पुन्हा पाण्यात जाई. माळेची फुले मात्र बाहेरून येत. गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई रोज पहाटे कारळ्याची पिवळी फुले ओच्यात घेऊन यायची आणि अंगणाच्या कडेला उभी राहायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. आजी फुलांवर पाणी शिंपडून ती आत घेई. मावशी लगेच जात नसे. मी सात-आठ वर्षांची होते, मला हळूच विचारी, “ताई, आज आई कशी दिसती? माळ कुठवर आली?” मी आत डोकावून येई आणि सांगे, की आजची माळ घटापर्यंत आली, समई मोठी लावली आहे, देवीला हिरवे वस्त्र आहे. मावशी डोळे मिटून ऐकायची. त्याच वेळी आतून आजीचे स्तोत्र ऐकू येत असे, आणि स्तोत्राच्या मध्येच तिची हाक येई, “अगं, दुधावर झाकण आहे का? मांजर येईल!”

नऊ दिवसांच्या नऊ माळा मावशीच्या फुलांच्या, पण देवी तिने कधी पाहिली नव्हती. लहानपणी त्यात मला काही वावगे वाटले नाही. पुढे मोठी झाल्यावर मात्र एक प्रश्न मनात वारंवार येऊ लागला. त्या वेळी सोवळ्यात नेमके कोण होते, देवघरातली की अंगणातली?

प्रश्न घरातला, पण तो उलगडायला मला बंगालच्या इतिहासात जावे लागले. त्या इतिहासातली मुख्य व्यक्ती एक बाई आहे. तिच्यापाशी अमाप पैसा होता आणि अलोट भक्ती होती, तरी देवीला भाताचा एक घास वाढण्याचा अधिकार तिला नव्हता.

तिचे नाव रासमणी. कलकत्त्याच्या उत्तरेला, गंगेच्या काठी हालिसहर नावाचे जुने गाव आहे. त्याच्या जवळच्या कोना या खेड्यात ती २८ सप्टेंबर १७९३ रोजी जन्मली. घरची गरिबी, जात कैवर्त, म्हणजे मासेमारी आणि शेती करणाऱ्यांची. आई तिला लाडाने ‘राणी’ म्हणे. ती आई मुलगी सात वर्षांची असतानाच वारली. पुढे लोकांनीही तिला राणीच म्हटले. ही पदवी कोणा सरकारने दिलेली नव्हे. हालिसहर हे रामप्रसाद सेन यांचेही गाव. अठराव्या शतकातले हे कालीभक्त कवी एका जमीनदाराकडे कारकुनी करीत आणि हिशेबाच्या वह्यांत आकड्यांच्या जागी देवीची पदे लिहून ठेवीत. वही धन्यासमोर गेली तेव्हा धन्याने कारकुनाला रागे भरण्याऐवजी घरी बसून पदे रचण्यासाठी दरमहा वेतन बांधून दिले, अशी कथा सांगतात. त्या पदांचे सूर रासमणीच्या कानांवर लहानपणापासून पडले असले तर नवल नाही. रामप्रसादांच्या वहीची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

अकराव्या वर्षी, १८०४ साली, रासमणीचे लग्न कलकत्त्यातल्या जानबाजारच्या राजचंद्र दास या धनाढ्य व्यापाऱ्याशी झाले. राजचंद्रांनी गंगेवर लोकांसाठी घाट बांधले. कलकत्त्याचा बाबूघाट त्यांचाच. १८३६ साली ते वारले. पदरी चार मुली, अफाट मिळकत आणि भोवती टपलेली माणसे. चाळिशी ओलांडलेल्या त्या विधवेने कारभार स्वतःच्या हाती घेतला. हाताशी होते जावई मथुरानाथ विश्वास, ज्यांना चरित्रकार मथुरबाबू म्हणतात. बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण कुणाला भ्यायच्याही नाहीत. कंपनी सरकारने गंगेत मासे धरण्यावर कर बसवला तेव्हा कोळी त्यांच्या दारी आले. राणीने दहा हजार रुपये भरून नदीचा तेवढा पट्टा इजाऱ्याने घेतला आणि त्यावर आडव्या साखळ्या बांधून टाकल्या. जहाजे अडली. जाब विचारला गेला तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते, की जहाजांच्या वर्दळीने मासे पळतात, इजारा माझा आहे. सरकारला कर मागे घ्यावा लागला, असे बंगालात आजही अभिमानाने सांगतात.

अशा या करारी बाईच्या कागदपत्रांवरचा शिक्का मात्र वेगळेच बोलत होता. त्यावर ‘राणी’ नव्हते, ‘जमीनदार’ नव्हते. कालीच्या चरणांची आस धरलेली रासमणी दासी, एवढाच अर्थ त्या अक्षरांचा होता.

१८४७ साली त्यांनी काशीयात्रेची सिद्धता केली. नावांचा तांडा सज्ज झाला, शिधा भरला, नातलग आणि नोकरचाकर निघाले. निघण्याच्या आदल्या रात्री देवीने स्वप्नात येऊन सांगितले, काशीला जायचे कारण नाही. इथेच गंगेकाठी माझी मूर्ती बसव आणि मला रोज नैवेद्य दाखव. यात्रा तिथेच थांबली. दक्षिणेश्वर येथे सुमारे वीस एकर जागा घेतली. तिचा एक भाग एका इंग्रजाकडून घेतलेला होता, एका बाजूला मुसलमानांचे जुने कबरस्तान आणि पिराचे ठिकाण होते. कासवाच्या पाठीसारखी उंचवट्याची ती भूमी शक्तीच्या स्थापनेला उत्तम, असा तंत्रशास्त्राचा निर्वाळा मिळाला. बांधकामाला आठ वर्षे आणि सुमारे नऊ लाख रुपये लागले. नऊ शिखरांचे, शंभर फुटांहून उंच कालीमंदिर. गंगेच्या बाजूला ओळीने बारा शिवमंदिरे. पलीकडे राधाकांताचे देऊळ. शाक्त, शैव आणि वैष्णव, तिघांचीही सोय एका आवारात. मूर्ती घडू लागल्यापासून राणी स्वतः व्रतस्थ राहू लागल्या. तीन वेळा स्नान, हविष्यान्न, जमिनीवर झोपणे आणि रात्रंदिवस जप.

मंदिर तयार झाले, मूर्ती तयार झाली, आणि नेमक्या त्याच वेळी अडले.

अडले ते भातावर. राणीची इच्छा होती देवीला शिजलेल्या अन्नाचा नैवेद्य दाखवावा. आई घरी आली तर तिला का कोरडा शिधा द्यायचा? पण पंडितांनी माना हलवल्या. शूद्राच्या देवळात अन्नाचा नैवेद्य होऊ शकत नाही. कुणी ब्राह्मण तिथे पूजेला उभा राहणार नाही, प्रसाद घेणार नाही. राणीने ठिकठिकाणच्या पाठशाळांना विचारले. सगळीकडून तेच उत्तर आले. विचार करा, तिने नऊ लाख खर्चिले, आठ वर्षे घालवली, तीन त्रिकाळ गंगेत स्नाने केली, आणि उत्तर हे, की गंगेने तुझे अंग धुतले तरी जन्म धुतला जात नाही. दुसरे कुणी असते तर देवळाला कुलूप लावून मोकळे झाले असते, किंवा पैशाच्या जोरावर शास्त्राला धाब्यावर बसवते. राणीने दोन्ही केले नाही. ती विचारत राहिली. मला तिच्या निष्ठेची खरी कसोटी इथे दिसते. स्वप्न पडल्यावर देऊळ बांधणे एक वेळ सोपे, पण बांधलेल्या देवळाच्या दारात उपरी ठरूनही देवीवर न रुसणे फार अवघड.

अखेर एका पाठशाळेतून निराळे उत्तर आले. कलकत्त्याच्या झामापुकुर भागात रामकुमार चट्टोपाध्याय नावाचे एक गरीब ब्राह्मण पंडित संस्कृत पाठशाळा चालवीत. त्यांनी सांगितले, की प्रतिष्ठेपूर्वी देऊळ एखाद्या ब्राह्मणाला दान करावे, त्याने देवीची स्थापना करावी आणि नैवेद्याची व्यवस्था लावावी. मग दोष नाही. राणीने आपल्या गुरूच्या नावे देऊळ केले. आपलेच देऊळ आपले नाही असे लिहून दिल्यावर तिला ते मिळाले! पुजारी तरीही मिळेना, तेव्हा ज्यांनी वाट दाखवली त्या रामकुमारांनाच पूजेला उभे राहावे लागले. घडवलेली मूर्ती पेटीत ठेवलेली होती. किती दिवस कोंडून ठेवणार, लवकर बसव, असे देवी स्वप्नात म्हणाली, आणि म्हणून राणीने जवळचा शुभ दिवस धरला. ३१ मे १८५५, ज्येष्ठ पौर्णिमा, जगन्नाथाच्या स्नानयात्रेचा दिवस. त्या दिवशी भवतारिणी काली सिंहासनावर बसली.

या सोहळ्याला रामकुमारांचा धाकटा भाऊ आला होता. वय एकोणीस, नाव गदाधर, गाव कामारपुकुर. पुढे हाच जगाला रामकृष्ण परमहंस म्हणून माहीत झाला. त्या दिवशी शेकडो पाने उठली, पण गदाधर देवळात जेवला नाही. बाजारातून एक पैशाचे मुरमुरे घेऊन त्याने भूक भागवली आणि पायी झामापुकुरला परतला. शूद्राच्या देवळातले अन्न त्याला नको होते. पुढे भावापाशी राहायला आल्यावरही तो कोरडा शिधा घेऊन गंगेच्या काठी आपल्या हाताने शिजवून खाई.

मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. ज्यांच्याविषयी इतके ऐकले ते परमहंससुद्धा असे? पण चरित्रकारांनी ही गोष्ट लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण. माणूस जन्मतःच परमहंस नसतो. हा मुलगा आमच्या आजीइतकाच कर्मठ घरातून आला होता, आणि आजीसारखाच प्रामाणिकपणे सोवळे पाळत होता. फरक पुढे पडला. आजी सोवळ्याशी थांबली. गदाधर पुढे गेला.

तो कसा गेला ते पाहण्यासारखे आहे. प्रतिष्ठेनंतर काही महिन्यांनी, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, राधाकांताच्या देवळातल्या पुजाऱ्याचा पाय घसरला आणि कृष्णाच्या मूर्तीचा पाय मोडला. पंडितांनी निर्णय दिला, की भंगलेली मूर्ती अशुद्ध, ती गंगेत सोडावी आणि नवी बसवावी. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होते. गदाधराला विचारले तेव्हा तो म्हणाला, की राणीच्या जावयाचा पाय मोडला तर त्याला टाकून दुसरा जावई आणतील, की वैद्य बोलावतील? आणि त्याने स्वतःच्या हाताने तो पाय बेमालूम जोडून दिला. मूर्तीला तो दगड समजत नव्हता म्हणूनच त्याला हे सुचले. पंडितांच्या मनात नियम होता, त्याच्या मनात देव होता.

पुढे तो कालीचा पुजारी झाला आणि पूजेची सारी रीतच बदलली. नैवेद्य देवीला दाखवण्याआधी समोर मांजर आले. आईच आली म्हणून त्याने तो मांजराला घातला. देवळाच्या कारभाऱ्याने मथुरबाबूंना तक्रार लिहिली. त्यांचे उत्तर आले, भट्टाचार्य काय करतील ते करू द्या, त्यांना अडवू नका. आजी जिच्या भयाने स्तोत्र सोडून ओरडत असे, तेच मांजर इथे प्रसादाला बसले. ध्यानाला बसताना तो जानवे काढून ठेवी. जातीच्या अभिमानाचे बंधन गळ्यात घेऊन आईला कसे बोलवायचे, असे त्याचे म्हणणे. त्याचा भाचा हृदय ते पाहून हादरला होता. ज्या वस्तीच्या सावलीलाही त्या काळी विटाळ मानीत, तिथे रात्री गुपचूप जाऊन त्याने शौचकूप साफ केला आणि आपल्या लांब केसांनी ती जागा पुसली. ही हकीकत विवेकानंदांनी १८९६ साली परदेशातल्या व्याख्यानांत सांगितली आहे. मुरमुरे खाऊन परतलेला तो मुलगा इथवर आला होता.

आता ज्या प्रसंगासाठी मी ही सारी कथा सांगत आले, त्या प्रसंगाकडे येते.

एके दिवशी राणी रासमणी दक्षिणेश्वरी आल्या. गंगेत स्नान केले, शुद्ध वस्त्र नेसल्या, मूर्तीजवळ पूजाजपाला बसल्या. त्यांनी गदाधराला देवीचे पद गायला सांगितले. तो गाऊ लागला. गाता गाता थांबला आणि त्याने राणीच्या अंगावर हात उगारून मारले. इथेही तोच विचार? एवढेच तो बोलला. देवळात एकच गोंधळ उडाला. पगारी पुजाऱ्याने मालकिणीला मारले! शिपाई धावले, दासी ओरडल्या. राणी मात्र स्तब्ध होत्या. पद चालू असताना आपल्या मनात एका खटल्याचा विचार घोळत होता हे त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी सर्वांना शांत केले. भट्टाचार्यांचा यात दोष नाही, त्यांना कुणी बोलू नये, असे बजावले.

आता रामप्रसादांची वही आठवा. तो कवी कचेरीत बसून देवीपाशी होता. राणी देवीपाशी बसून कचेरीत होत्या. आपल्या भाषेत सोवळ्यातल्या माणसाला कुणी शिवले की तो ओवळा होतो. राणीच्या अंगाला त्या दिवशी कुणी शिवले नव्हते, पण मनाला खटला शिवला होता. पुजाऱ्याला दिसला तो विटाळ हा. आणि हा विटाळ जात पाहून लागत नाही. बराहनगरच्या घाटावर जय मुखर्जी नावाचे ब्राह्मण गृहस्थ जपाला बसले होते आणि मन भलतीकडे होते. रामकृष्णांनी त्यांनाही दोन चपराका दिल्या होत्या, असे ते स्वतःच पुढे सांगत. ज्या राणीला पंडितांनी जन्मावरून दाराबाहेर ठेवले, तिला या पुजाऱ्याने ब्राह्मणाच्या बरोबरीला बसवले ते असे, एकाच मापाची चपराक देऊन! आणि राणीचे मोठेपण हे, की तिने तो मान ओळखला. खरे सोवळे ते, जे मोडले असता दुसऱ्याच्या आधी आपल्याला कळते.

पण हे सोवळे एकदा नेसले की कायमचे राहते असे नाही. राणीचा शेवट वाचताना ते फार जाणवते. देवळाच्या खर्चासाठी त्यांनी दिनाजपूरकडची जमीन घेऊन ठेवली होती, पण दानपत्र झाले नव्हते. १८६१च्या फेब्रुवारीत त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा ते तयार झाले. १८ फेब्रुवारीला त्यांनी सही केली. हयात असलेल्या दोन मुलींपैकी धाकटीने आपला हक्क नाही असे लिहून दिले. थोरल्या पद्ममणीने सही दिली नाही. दुसऱ्या दिवशी राणी वारल्या. अखेरच्या घटकेला त्यांना गंगेच्या जुन्या प्रवाहाकाठी नेले होते. भोवती दिवे लावलेले पाहून त्या म्हणाल्या, की हे दिवे काढा, आता आईच येते आहे, तिचाच उजेड पडला आहे. आणि लगेच म्हणाल्या, की आई, पद्माने सही दिली नाही, आता काय होईल? चरित्रकारांनी दोन्ही वाक्ये नोंदवली आहेत, आणि एकही गाळले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एका श्वासात देवीचा प्रकाश, दुसऱ्या श्वासात दस्तऐवज. पण या वेळी ती चिंता स्वतःची नव्हती. आपल्यामागे देवीला रोजचा भात मिळेल ना, याची होती. आणि ती खोटी नव्हती. पुढे त्या मिळकतीवरून वारसांत खटले झालेच.

राणीमागे तिच्या देवळात दुसरी एक बाई आली. रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी १८७२ साली जयरामवाटीहून पायी दक्षिणेश्वरला आल्या. १८७२-७३च्या सुमारास फलहारिणी कालीपूजेच्या अमावास्येला रामकृष्णांनी देवीसाठी मांडलेल्या पाटावर पत्नीला बसवले, षोडशी म्हणून तिची पूजा केली आणि आपली जपमाळ व आजवरच्या साधनेचे सारे फळ तिच्या पायांशी ठेवले. शारदादेवींनी ती पूजा घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाकाला लागल्या. पुढे उतारवयात जयरामवाटीला त्यांच्याकडे अमजद नावाचा, लुटालुटीसाठी बदनाम झालेला एक मुसलमान मजूर येई. त्याला वाढताना पुतणी लांबून पानात टाकू लागली तेव्हा त्यांनी स्वतः पुढे होऊन वाढले आणि उष्ट्याची जागाही स्वतः सारवली. जात जाईल म्हणणाऱ्या पुतणीला त्यांनी सांगितले, की संन्यासी शरत् जसा माझा मुलगा तसाच हा अमजदही. पाटावरच्या पूजेचा अर्थ त्यांनी असा सारवणाच्या हाताने लावला.

इतके होऊनही देऊळ ते देऊळच राहिले, हेही सांगितले पाहिजे. १८९७ साली विवेकानंद परदेशाहून परतले आणि गुरूच्या जन्मोत्सवाला दक्षिणेश्वरी गेले. समुद्र ओलांडलेल्या माणसाने देवळात पाऊल टाकल्यावरून कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत वाद माजला. पुढच्या वर्षी तो उत्सव गंगेपलीकडे बेलूरला करावा लागला. ज्या देवळाने एका कोळणीला उपरी ठरवलेले पाहिले होते, त्यानेच त्या पुजाऱ्याच्या शिष्याला उपरा ठरवले. बाहेरचे सोवळे असे हट्टी असते. त्याला दाराबाहेर ठेवायला कुणीतरी लागतेच.

काही वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत मी दक्षिणेश्वरला जाऊन आले. मोठी रांग होती. हातात जास्वंदीची माळ, डोक्यावर ऊन. वाटेत मी मनाशी ठरवीत होते, की गाभाऱ्यासमोर उभी राहिले की राणीचे स्मरण करायचे, ती जिथे बसली असेल ती जागा पाहायची. माझी पाळी आली. मी समोर आले, काळ्या दगडाची ती मूर्ती क्षणभर दिसली, मागून धक्का आला आणि मी पुढे सरकले. बाहेर अंगणात आल्यावर ध्यानात आले, की त्या क्षणभरात मी राणीचे स्मरण केले नव्हते, देवीकडेही धड पाहिले नव्हते. माझ्या मनात चपला होत्या. नव्या चपला होत्या आणि बाहेर कुठे ठेवल्या ते आठवत नव्हते. गदाधर भट्टाचार्य तिथे नव्हते, एवढेच माझे दैव. आवाराच्या वायव्य कोपऱ्यातल्या त्यांच्या खोलीच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिले. चपला जागच्या जागी सापडल्या.

त्या पायरीवर मला आजी आठवली. तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पहाटे उठून गार पाण्याने नाहणारी, नऊ दिवस उपाशी राहणारी ती बाई ढोंगी नव्हती. तिचे शेवटचे नवरात्र आले तेव्हा मी दहावीत होते. ती माजघरात खाटेवर पडून होती. तिथून देवघर दिसत नसे. सोवळे सुटले होते, पूजा माझ्या हाती आली होती. पहिल्याच माळेच्या दिवशी पूजा करून मी बाहेर आले तर आजीने जवळ बोलावले आणि विचारले, “आज देवी कशी दिसते गं? माळ कुठवर आली?” शब्दसुद्धा तेच. मी सांगू लागले आणि आजीने डोळे मिटले, अगदी मावशी मिटायची तसे. त्या नऊ दिवसांत तिने दुधाच्या झाकणाची चौकशी एकदाही केली नाही.

त्या वर्षी फुलांवर पाणी शिंपडायला कुणी नव्हते. मी ती तशीच आत नेली. पण मावशीला मात्र मी आत बोलावले नाही. अडवणारे कुणी नव्हते. सुचले नाही असे म्हणावे तर ते खरे नाही; सुचले होते, धीर झाला नाही. पुढच्या नवरात्रात आजी नव्हती आणि मावशीही फुले घेऊन आली नाही.

आता घर माझे आहे, देवघराला उंबरा नाही. येईल त्याने आत यावे, देवीला फूल वाहावे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुले पणत्या लावायला घाई करतात. मी त्यांना थांबवते. पहिली पणती मी अंगणाच्या कडेला, मावशी उभी राहायची तिथे लावते, आणि मग आत येऊन पूजेला बसते.